सियरची कड

परळच्या बाजूला एका छोट्या रायफल क्लबात दुरुस्तीचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. वडील गिरणीत फिटर होते. कानस धरायला त्यांनी शिकवलं, बाकीचं रायफलींनीच शिकवलं. आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी धावत येतं, "काका, बोल्टवर पांढरा पट्टा आलाय, खराब झाली का?" मी वैतागतो. अरे, बोल्ट म्हणजे गोळी आत ढकलणारा दांडा, लोखंडावर लोखंड रोज घासतंय, तिथला काळा रंग उडणारच. ती नेहमीची झीज. चकाकी दिसली म्हणून घाबरायचं नाही, कड गेली की घाबरायचं. गोळीच्या बुडावर आपटणाऱ्या फायरिंग पिनचं टोक चेपलं, कुठे बारीक चीर दिसली, किंवा सियरची कड गोल झाली, तर रायफल बाजूला ठेवायची. सियर म्हणजे ताणलेली पिन अडवून धरणारा नखाएवढा तुकडा. ट्रिगर ओढला की तो सरकतो आणि गोळी सुटते. त्याची कड बोथट झाली तर ट्रिगरला बोट न लावताही सुटू शकते. नव्या माणसाला हे मी पहिल्याच दिवशी सांगतो, आणि त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घेतो.

खंडेनवमीला क्लबात शस्त्रपूजा असते. चादरीवर रायफली मांडतात, झेंडू वाहतात, हळदकुंकू लावतात. आम्ही बौद्ध. मी हात जोडत नाही, मागे उभा राहून पेढा खातो आणि दुसऱ्या दिवशी बोल्टमध्ये गेलेलं कुंकू ब्रशने काढत बसतो. त्यावरून थट्टामस्करी चालते, मीही करतो. पण एका वर्षी कमिटीसमोर मी जरा गंभीरपणे म्हणालो, कुंकू निदान बोल्टला तरी लावू नका. तेव्हा मागून कुणीतरी बोललं, "यांना आमची पूजाच खुपते." ते वाक्य माझ्या डोक्यातून कधी गेलंच नाही.

गेल्या वर्षी मी दोन दिवस रजेवर होतो. तेवढ्यात आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी, ज्यांना सगळे सर म्हणतात, क्लबची एक पॉइंट टू-टू रायफल पूजेसाठी उघडली आणि आतला एकेक भाग पॉलिश पेपरने घासून काढला. भला माणूस. देवापुढे ठेवायची वस्तू आतूनसुद्धा लख्ख हवी, एवढाच त्यांचा हेतू. नवमीच्या आदल्या दिवशी मला कौतुकाने म्हणाले, "बघा, आरसा केलाय की नाही?"

मी सियर हातात घेऊन कडेवरून नख फिरवलं. नख अडकायला हवं होतं, ते घसरलं. कड गोल झाली होती.

तेव्हाच सांगायचं होतं की ही रायफल आता गोळीबाराच्या लेनवर जाणार नाही. पण सर हसत समोर उभे, मागे झेंडूच्या टोपल्या, आणि मला ते जुनं वाक्य ऐकू आलं. मी रिकामी रायफल ताणली, बोल्ट जोरात लावून पाहिला, दस्ता रबरी मॅटवर आपटून पाहिला. दहा वेळा. पिन सुटली नाही. मग मी स्वतःलाच म्हणालो, नेहमीची झीज आहे, दिवाळीनंतर नवा सियर घालू. आणि रजिस्टरमध्ये 'ठीक' लिहिलं.

आठ दिवसांनी ती रायफल प्रभादेवीत राहणाऱ्या एका मुलीकडे गेली. पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करून सकाळी सरावाला येणारी, राज्य स्पर्धेच्या तयारीतली. तिने गोळी भरली, बोल्ट लावला आणि गोळी सुटली. लेनसमोरच्या कोब्याचा टवका उडाला. कुणाला लागलं नाही.

"बोट ट्रिगरवर होतं तुझं," सर म्हणाले.

"नव्हतं सर, बाहेर होतं."

"मग काय आपोआप सुटली?"

सियरचं मी तेव्हाही सांगितलं नाही. रविवारी कमिटी बसणार, निष्काळजीपणाचा ठपका आला तर क्लब स्पर्धेच्या अर्जावर सही करणार नाही, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली.

"काका, रायफल तुम्ही चेक केली होती ना? मग माझंच चुकलं असेल. बोट आत गेलं असेल, मला कळलं नसेल."

मला लाज वाटली. आजही वाटते. तरी मी म्हणालो, "बघतो."

रविवारी मी सियर काढून कमिटीच्या टेबलावर ठेवला, शेजारी नवा ठेवला आणि काय घडलं ते सांगितलं. नवमीच्या आदल्या दिवशीच मला कळलं होतं, हेही सांगितलं. सरांनी दोन्ही तुकडे उचलून कडेवरून नख फिरवून पाहिलं. पूजेबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. ज्याच्या धाकाने मी गप्प बसलो, ते वाक्य त्या दिवशी कुणाच्या मनातही आलं नसावं. अर्जावर सही झाली.

बाहेर जिन्यात ती थांबली होती. "काका, पाच दिवस मी हे बोट बघत बसले होते," एवढंच म्हणाली.

नवा सियर घालून, तपासून मी रायफल तिच्यापुढे धरली. एरवी मी 'ओके' म्हटलं की ती वळून बघायचीसुद्धा नाही, सरळ लेनवर जायची. या वेळी तिने हात पुढे केला नाही.

"आधी तुम्ही मारा ना, काका."

आवाजात राग नव्हता. मी पालथा झोपलो, गोळी भरली. बोल्टला हात घातला. मागे तिची पावलं वाजली. ती जरा लांब जाऊन उभी राहिली होती.