निपाणीतलं सेंटर राज्याबाहेर

"मॅडम, सगळ्या स्क्रीनवर एकच मेसेज आलाय. हे सेंटर राज्याबाहेर हाय म्हणतंय."

निपाणीतल्या एका परीक्षा सेंटरमधून फोन होता. सेंटर अप्पांचं. अप्पा म्हणजे हायस्कूलचे रिटायर्ड मास्तर. कर्नाटकातल्या एका सरकारी नोकरभरतीची ऑनलाइन परीक्षा तोंडावर आलेली आणि ट्रायलच फेल. संध्याकाळपर्यंत दुरुस्ती झाली नाही तर सेंटर रद्द होणार, आणि आसपासच्या खेड्यांतल्या पोरींना परीक्षेसाठी हुबळी गाठावी लागणार.

मी इथल्या एका इंटरनेट कंपनीत नेटवर्क इंजिनियर आहे. केबल तपासली, राउटर तपासला. सगळं ठणठणीत. मग नोंद उघडली.

नोंद म्हणजे काय ते सांगते. घराला नंबर असतो तसा इंटरनेटवरच्या जोडणीला आयपी अ‍ॅड्रेस असतो. एखाद्या ग्राहकाला असे पत्ते एकगठ्ठा दिले की त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. तो ब्लॉक कुणाला दिला, तो ग्राहक कुठं बसतो, हे रजिस्ट्रीत, म्हणजे अशा सगळ्या पत्त्यांच्या नोंदवहीत, खरंखरं नोंदवायचं बंधन आमच्यावर असतं. परीक्षेचं सॉफ्टवेअर तीच नोंद बघून सेंटर कुठलं ते ठरवत होतं. अप्पांच्या नावापुढं होतं, निपाणी, जिल्हा कोल्हापूर, महाराष्ट्र. निपाणी तर कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात.

"टायपिंग मिस्टेक असेल. बदल आणि मोकळी हो," आमचे साहेब म्हणाले.

"सर, अप्पांनी स्वतः लिहून दिलंय. त्यांच्या सहीशिवाय बदलायचं नाही, हा आपलाच नियम."

"मग जा. पण त्यांच्याशी वाद घालत बसू नको."

वाद घालायची माझी छातीच नव्हती. आमच्या घरातही सीमाप्रश्नाचा विषय निघाला की ताटात भाकरी गार होते.

सेंटरवर जाऊन मी नोंद दाखवली. अप्पा शांतपणे म्हणाले, "चुकून न्हाय लिहिलं बाई. निपाणी महाराष्ट्रात यावी म्हणून माझे वडील तुरुंगात गेलते. परीक्षेच्या अर्जावर राज्य छापूनच आलतं, तिथं इलाज न्हवता. तुमचा रकाना मोकळा हुता."

 तेवढ्यात त्यांच्या मागच्या फळ्याकडं लक्ष गेलं. फळाभर कन्नड वाक्यं, खाली मराठी अर्थ.

"हे कोण शिकवतंय, अप्पा?"

"मीच की. रोज सांजच्याला. ह्या परीक्षेला कन्नडचा पेपर हाय. मराठी शाळंतल्या पोरी, त्यांना दुसरं कोण शिकवणार?"

मी म्हटलं, "अप्पा, तुम्ही कुणाचे, हे रजिस्ट्री इचारतच न्हाय. केबल कुठं येऊन थांबलीया, तेवढंच सांगायचं हाय."

त्यांनी दुरुस्तीचा अर्ज माझ्याकडं सरकवला. मग म्हणाले, "तू लिही. मी सही करतो. माझ्या हातनं ते अक्षर उमटायचं न्हाय."

मी लिहिलं. त्यांनी न वाचता सही केली. नोंद बदलली, परीक्षेवाल्यांच्या टेक्निकल ऑफिसला कळवली आणि फोन करकरून त्यांच्या मागं लागले. संध्याकाळच्या आत ट्रायल पास झाली. परीक्षेदिवशी पोरी बाहेर पडत होत्या, तेव्हा अप्पा गेटवर उभे राहून प्रत्येकीला कन्नडचा पेपर कसा गेला, एवढंच विचारत होते.

या कामातून मी एक शिकले. रजिस्ट्रीला फक्त पत्ता लागतो. मन कुठल्या राज्यात आहे, याचा रकाना तिनं ठेवलेला नाही, ते बरंच आहे. ठेवला असता तर आमच्या भागातल्या निम्म्या ग्राहकांची नेटं बंद पडली असती.