शिंदीच्या दुकानातले मास्तर

आमच्या मिलच्या मागच्या गल्लीत शिंदीचं एक दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, दोन बाकडी आणि भिंतीला टेकवून ठेवलेली, आंबलेल्या रसाची मडकी. ते चालवायची एक तेलुगू विधवा. सगळे तिला अक्का म्हणत, तिच्याहून वयाने मोठे होते तेसुद्धा. पाळी सुटली की आम्ही साचेवाले विणकर थेट तिच्याकडे. दिवसभर नाकातोंडात गेलेला कापूस शिंदीने खाली उतरतो, असं आम्ही घरी सांगत असू. घरचे विश्वास ठेवत नसत, पण दुसरं कारण आमच्यापाशी नव्हतं.

कायदेभंगाच्या चळवळीचे दिवस आले आणि अशा दुकानांपुढे पिकेटिंग, म्हणजे गिऱ्हाइकाला दारातच अडवणं, सुरू झालं. आमच्या वाट्याला एक पेन्शनर मास्तर आले. डोक्याला खादीची टोपी, काखेत छत्री. दारात उभे राहून ते येणाऱ्याला हात जोडत. हात जोडणाऱ्याला चुकवून आत जाणं तसं अवघड नसतं. पण या मास्तरांनी आमच्यातल्या निम्म्यांना शाळेत बडवलेलं होतं. "तू रे? तुझी चौथी तरी झाली का?" असं त्यांनी विचारलं की जॉबरला, म्हणजे मिलच्या मुकादमाला, आईवरून शिव्या घालणारा गडीही मान खाली घालून परत फिरे.

धंदा बसला. मग अक्काने मागचे दोन पत्रे उचकटून परसातून वाट केली. मास्तरांना लगेच सुगावा लागला. पण माणूस एक आणि दारं दोन. ते मागे धावले की आम्ही पुढून शिरायचो, पुढे आले की मागून. त्यात सोलापूरचं ऊन आणि मास्तरांचं वय. एका दुपारी ते परसातच कोसळले.

मी आणि माझ्या शेजारच्या साच्यावरच्या गड्याने त्यांना उचलून आत बाकड्यावर आडवं केलं. अक्काने तोंडावर पाणी मारलं. मास्तरांनी डोळे उघडले, मडकी पाहिली आणि पुन्हा मिटले.

"कुठं आहे मी?"

"दुकानात हाय, मास्तर," अक्का म्हणाली. "पानी प्या. मुन्शिपाल्टीच्या नळाचं हाय."

त्यांनी आधी तांब्याचा वास घेतला, मग तो रिकामा केला. त्या बाकड्यावर कुणी पाणी प्यालेलं आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी अक्काने शेडच्या मधोमध एक स्टूल मांडून ठेवलं. "हितनं दोनी दारं दिसत्यात की. उन्हात मेलात तर माझ्यावर यील."

मास्तरांनी विचार केला. त्यात त्यांना खोट काढता येईना. तेव्हापासून पिकेटिंग आतून चालू झालं. "अरे, बायकापोरांचा विचार कर," ते म्हणत. "करतो की, मास्तर," म्हणून आम्ही पेला उचलत असू. हळूहळू उपदेश आखूड झाला आणि गप्पा लांबल्या. बायको गेल्यापासून घरी त्यांच्याशी बोलायला कुणी नव्हतं, हेही तिथेच कळलं. शिंदीला त्यांनी कधी बोट लावलं नाही. अक्काच्या भज्यांना मात्र लावलं.

एका संध्याकाळी पिकेटिंग कमिटीचे पुढारी पाहणीला आले, तेव्हा मास्तर भज्यांत सोडा जास्त पडलाय यावरून अक्काशी भांडत होते.

"मास्तर, हे काय?"

"पिकेटिंग," मास्तर भरल्या तोंडाने म्हणाले.

त्यांना काढून टाकलं. त्यांच्या जागी चार तरणी पोरं आली आणि सरळ दोन्ही दारांत आडवी झाली. अंगावर पाय देऊन आत जायची आमची छाती होईना. दुकान ओस पडलं. सरकारने पुढच्या लिलावात काढलेला दुकानाचा परवाना दुसऱ्याच कुणी घेतला आणि अक्काने अक्कलकोटकडे बहिणीच्या गावी जायचं ठरवलं.

तिला पोचवायला आम्ही मोटार स्टँडवर गेलो, तर मास्तर आधीच येऊन बसलेले. तिचं बोचकं टपावर चढवायला त्यांनीच हात लावला.

"आता तरी दुसरा काही धंदा बघ, अक्का."

"काय करू? शाळा काढू?"

"काढ," मास्तर म्हणाले. "तुझी पोरं पळून तरी जाणार नाहीत."

मोटार गेली. मास्तरांना आम्ही घरापर्यंत सोडलं. पुढे चळवळ ओसरली आणि दारांतली पोरं उठली. नव्या मालकाची शिंदी अगदी पांचट होती. तरी आम्ही ती पीत राहिलो.