चव न घेता

माझ्या सासूबाई, अनसूयाबाई, पंचवटीत श्राद्धाचा स्वयंपाक करायच्या. तिसाव्या वर्षी नवरा गेला, पदरात विश्वेश. तेव्हापासून पस्तीस वर्षं हेच. स्वयंपाक सोवळ्यात, आणि पितरांच्या आधी चव घ्यायची नाही. मीठ अंदाजाने पडायचं, पण कधी चुकलं नाही. त्याचा त्यांना केवढा ताठा होता! ऐकून ऐकून मला ते पाठ झालं होतं.

यजमान आले की सासूबाईंचा प्रश्न ठरलेला, "गेलेल्या माणसाला काय आवडायचं?" चांगली शिकलेली मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघायची. मग याच म्हणायच्या, "बरं, खीर जास्त करते. ती सगळ्यांना चालते." घरी आल्यावर त्या मुलांचा यथेच्छ उद्धार व्हायचा.

२००५ साली त्यांच्या किडन्या बिघडल्या. डॉक्टरांनी मीठ तोडलं, तिखट तोडलं. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्या अळणी भात चिवडत बसायच्या. जिना उतरणं संपलं होतं. बोलणंही कमी झालं होतं.

पितृपक्षात एकदा मी बोलून गेले, "आई, उद्या मला कुणी विचारलं तर मी त्या मुलांसारखीच गप्प उभी राहीन. तुम्हाला काय आवडतं?"

त्या हसल्या. आपल्या सासऱ्यांना आमसुलाचं सार, नवऱ्याला भरली वांगी, विश्वेशला साटोऱ्या, सगळ्यांचं भराभर सांगितलं. स्वतःचं काही आठवेना. दोन दिवस त्या तेच शोधत पडून होत्या. कुठून विचारलं, असं मला झालं.

तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मिसळ."

मला थट्टा वाटली.

"सकाळी गोदेवर अंघोळ करून कामाला जायचे ना, तेव्हा पंचवटी कारंजावरच्या हॉटेलातून तर्रीचा वास यायचा. तिथे मुद्दाम हळू चालायचे. विश्वेशने पहिल्या पगाराची घरी बांधून आणली होती. पण दुसऱ्या दिवशी श्राद्धाचं काम, म्हणजे आदल्या दिवसापासून कांदा-लसूण बंद. भांडीवाल्या लताबाईला दिली आणि समोर बसून राहिले. विचारलं, कशी आहे गं? म्हणाली, लय तिखट हाय. तेवढीच मला माहीत."

"आणू का? दोनच घास."

त्यांनी सुजलेल्या पायांकडे बघितलं. "आता नको. माझ्या पानावर वाढ, नंतर."

आणि मी शहाणी म्हणाले, "त्यात कांदा-लसूण असतो, आई. गुरुजी चालू देणार नाहीत."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. हा नियम त्यांनीच कित्येकांना सांगितला होता. माझा मलाच राग आला.

"हो की," त्या म्हणाल्या. "म्हणजे तेव्हाही नाहीच."

त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या. मग म्हणाल्या, "खीर लक्षात ठेव. ती सगळ्यांना चालते."