जरा पातळ पट्टी

रविवारी ललित वेदिकाला घेऊन कळवणला निघणार आहे, आणि एक चित्र काही केल्या माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही: रस्त्याकडेला उन्हात उभी असलेली निळी गाडी, आणि वर चढवलेल्या काचांआड हे दोघं बापलेक.

ललित माझा मुलगा. वय एकोणचाळीस. ओझरजवळच्या एका वर्कशॉपात विमानाचे सुटे भाग मोजून पास-नापास करतो. केसाएवढा फरक त्याला चालत नाही. पोळीसुद्धा आधी गोल आहे का ते बघतो, मग खातो. मोहिनीने, म्हणजे माझ्या सुनेने, हा संसार दहा वर्षं कसा चालवला यावर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा.

वडिलांमागे त्यांची दोन दारांची जुनी मोटार ललितकडे आली. तिची दारं उघडायच्या आतल्या कड्या कधीच्याच तुटलेल्या. आमच्या घरात त्याचं कुणाला काही वाटत नाही. काच खाली करायची, हात बाहेर काढायचा आणि बाहेरच्या मुठीने दार उघडायचं. मोहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिलाही पहिल्या आठवड्यात हेच शिकवलं. नवी कडी बसवायची नाही, कारण ती ओरिजिनल नसेल.

काचा मात्र खडखडायच्या. काच ज्या चॅनेलमधून वर-खाली सरकते, त्यातली फेल्टची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची पट्टी पार झिजली होती. देवळाली कॅम्पातल्या धम्मपालांनी वीस वर्षं या गाडीचं काम केलंय. ते आले, बोटाने चॅनेल चाचपलं आणि म्हणाले, "पट्टी जरा पातळ घेऊ. काचेला मोकळीक लागते."

"जरा म्हणजे किती, काका?"

"जरा म्हणजे जरा."

"मिलिमीटरमध्ये सांगा ना."

धम्मपालांनी माझ्याकडे बघितलं. "ताई, चहा छान झाला होता," म्हणाले, आणि पिशवी उचलून गेले.

मग ललितसाहेबांनी स्वतः मापं घेतली आणि स्वतःच नवी, घट्ट पट्टी बसवली. तीन रविवार गेले. काच वर चढवायला फार जोर लागतो, याचाच त्याला अभिमान. काल आत बसून दोन्ही दारं ओढून घेतली, दोन्ही काचा वर केल्या. मी ओट्यापाशी होते. अर्धा तास झाला तरी हा आतच. मला वाटलं, बाबांची आठवण आली असेल. डोळे पुसले, चहा घेऊन गेले. तो हातवारे करून बोलत होता, शब्द एकही ऐकू येईना. "हो, छान झालंय," मी म्हटलं आणि कप दाखवला. त्याने कपाळावर हात मारून घेतला. शेवटी मापांची वही काचेला लावली. तिच्यावर लिहिलं होतं, 'दार उघड'. खाली पट्टीने रेघ मारलेली.

दार उघडलं. घामाने निथळत त्याने पहिलं काय विचारावं?

"बाहेर आवाज येत होता?"

"नाही."

"बघ. म्हणजे काम फर्स्टक्लास."

"अरे, पण काच उतरत नाही."

"घासून घासून होईल मोकळी. कळवणला पोचेपर्यंत."

"नाही झाली तर?"

"बाहेरून कुणीतरी उघडेलच की. आणि मोहिनीला सांगू नकोस."

नाही सांगितलं. सांगितलं तर भांडण होईल, आणि भांडणानंतर हा पठ्ठ्या मुद्दाम त्याच गाडीने जाईल. वेदिका सहा वर्षांची आहे. तिला वाटतं, बाबांना सगळं येतं.

धम्मपाल आठला दुकान उघडतात. ललितच्या पाठीमागे त्यांना बोलावलं की तो महिनाभर माझ्याशी तुटक बोलेल, तेही मापून. बोलू दे. सकाळी फोन करून सांगणार आहे, रविवारच्या आत या, जरा पातळ पट्टी घेऊन. किती पातळ, ते विचारणार नाही.