पेमाताईंचा कोरा रकाना

“नेपाळी मावशी, हा स्वेटर केवढ्याला?” असं कुणी विचारलं, की पेमाताई त्याच्या हातातला स्वेटर काढून घेत आणि म्हणत, “पहले तिबेट बोलो. मग भाव सांगते.” निम्मी गिऱ्हाइकं हसून ‘तिबेट’ म्हणत, निम्मी शेजारच्या दुकानात जात. आपल्याच हातानं धंद्याचं असं मातेरं करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

त्या दर हिवाळ्यात नाशिकला येत. जन्म कर्नाटकातल्या निर्वासितांच्या वसाहतीतला, त्यामुळे तिबेट त्यांनीही पाहिला नव्हता. आईवडील तिकडून निसटले तेव्हा थोरली बहीण आजीजवळ राहिली, ती कायमचीच. तिला पेमाताईंनी फक्त मोबाईलवर पाहिलं होतं. “दीदीचे दात सेम माझ्यासारखे,” असं त्या कौतुकानं सांगत.

दोन हिवाळ्यांपूर्वी दीदीनं अंथरूण धरलं. मी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात जन्मभर कारकुनी केलेला, अर्ज भरणं माझ्या हातचा मळ. तिकडे जाण्याच्या परवानगीचा चिनी वकिलातीचा अर्ज घेऊन त्या घरी आल्या. सगळं भरून झालं. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ‘चिनी’ लिहायचं होतं. तिथे त्यांनी माझा हात धरला.

“अहो पेमाताई, एक शब्द तर आहे. लिहा आणि बहिणीला भेटून या.”

“भाऊ, ते लिहून गेले, तर दीदीला भेटायला गेली ती कोण?”

असल्या हट्टाची मला चीड आहे. माझ्या वडिलांनी दाखल्यावर जुनी जात लिहू दिली नाही, ‘बौद्ध’च लिहिलं. तेव्हा केंद्राच्या नोकऱ्यांत बौद्धांना राखीव जागा नव्हत्या, आणि माझी मनमाडची रेल्वेतली नोकरी हुकली. हे सगळं मी त्यांना ऐकवलं.

“मग तुमच्या मुलाच्या दाखल्यावर काय आहे?” त्यांनी विचारलं.

“‘बौद्ध’च,” मी म्हणालो आणि आणखीच चिडलो.

अर्ज तसाच राहिला. उन्हाळ्यात दीदी गेली.

पुढच्या हिवाळ्यात त्या आल्या तेव्हा मी न राहवून विचारलं, “वाटतं का कधी, लिहायला पाहिजे होतं?”

“रोज वाटतं,” त्या म्हणाल्या. “सकाळी डोळा उघडला की पहिलं तेच वाटतं. पण आज अर्ज आणा भाऊ, आजपण नाही लिहिणार.”

त्या रडल्या नाहीत. रडू मला आलं, आणि त्याचाही मला रागच आला.