मावशीला काढण्याचा ठराव

सावळेकाका गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी सिंगापुरातल्या जुरोंग ईस्टच्या एका फूड कोर्टात हातात ट्रे घेऊन टेबल शोधत होतो. प्रत्येक रिकाम्या टेबलावर कुणीतरी टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरलेली. त्यांच्या मुलीने, नीलिमाने, लिहिलं होतं, 'बाबा सकाळी गेले. शांतपणे.' खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की 'शांतपणे' वाचून काका वैतागले असते. जत्रेतल्या गर्दीला हसवून लोळवणारा माणूस, तो शांतपणे कसला जातो!

मी इथे एका बँकेत नोकरी करतो, पण माझं खरं व्यसन म्हणजे मराठी मंडळींच्या कार्यक्रमात माईक धरणं. एकदा हातात आला की काढून घ्यायला दोन माणसं लागतात. सहा-सात वर्षांपूर्वी अशाच एका कार्यक्रमानंतर खादीचा झब्बा घातलेले एक वृद्ध गृहस्थ समोर येऊन उभे राहिले. "विनोद बरे आहेत तुमचे," ते म्हणाले, "पण लोक हसायच्या आत तुम्हीच हसता. अर्धा हशा तुम्हीच खाता." मी तिथल्या तिथे सावळेकाकांचा शिष्य झालो. तेव्हापासून दर शनिवारी सकाळी क्वीन्सटाउनला, ते राहत त्या नीलिमाच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, दगडी टेबलापाशी आमची बैठक. शेजारच्या टेबलावर चिनी आजोबा सोंगट्या आपटत, आणि काका मला साठ वर्षांपूर्वीची गोष्ट सांगत.

काका सातारा जिल्ह्यातले शाळामास्तर, आणि समाजवादी मंडळींच्या कलापथकातले नट. लोकांना लोकांच्याच करमणुकीतून जागं करायचं, म्हणून त्या मंडळींनी तमाशाचं लोकनाट्य हाती घेतलं होतं. त्यातल्या गौळणीत गवळणी मथुरेच्या बाजाराला निघतात आणि त्यांच्याबरोबर असते मावशी. लुगडं नेसलेला पुरुष. फटकळ, नटवी, कृष्णाच्या बापालाही न भिणारी. काका मावशी करायचे. तिची वाक्यं कुणी लिहिलेली नसत. त्या गावची विहीर, त्या गावचा पाटील, समोर पेंगणारा तलाठी, जे दिसेल त्यावर ती तोंड सोडायची. काका म्हणत, "मी फक्त लुगडं नेसायचो. बोलायची तीच."

पण प्रत्येक खेळानंतर चर्चेची बैठक असे. एक कार्यकर्ता प्रेक्षकांत वही घेऊन बसे आणि हशा कुठे आला, कशामुळे आला, ते लिहून घेई. 'लोक चुकीच्या कारणासाठी हसले' असा शेरा पडला की ती जागा गेली! आधी गण गेला, कारण त्यात देव होता. मग कृष्ण. तो गवळणींची वाट अडवून दूध-दही मागतो, ही उघड पिळवणूक; सबब कृष्णाचा सावकार झाला. गवळणींनी दूध सोसायटी काढली. हे ऐकताना मी इतका हसलो की शेजारच्या आजोबांनी सोंगट्या थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"आणि मावशीला कुणी काढलं, काका?"

"मीच. ठराव मी मांडला."

माझं हसू तिथेच थांबलं. माझ्या बाबतीत हे फार क्वचित घडतं.

"अरे सुहास, पुरुषाने लुगडं नेसून बाईमाणसाची टिंगल करायची आणि वर समतेची गाणी म्हणायची? कसं दिसतं ते? सगळ्यांनी हात वर केले. मावशीच्या जागी सोसायटीचा चिटणीस आला, लेंगा-झब्ब्यातला. तोही मीच. पंधरा वर्षं केला."

"लोक हसायचे?"

"टाळ्या वाजवायचे. हशा संपला की टाळ्या सुरू होतात. सभ्य होती रे माणसं. पण शेजारच्या मैदानात तंबूचा तमाशा आला की तिकीट काढून तिकडे जायची. आमचा खेळ फुकट होता, तरी. नंतर सिनेमा आला आणि तो तंबूही बसला. आम्ही तर त्याच्या आधीच उठलो होतो."

"म्हणजे ठराव चुकला."

"छे! बरोबर होता. आजही मी हात वर करीन. चुकला असता तर परत घेतला असता की... बरोबर होता, म्हणून तर काही करता आलं नाही."

मग त्यांनी मनातलं सांगितलं. एकदा, फक्त एकदाच, त्यांना मावशी पुन्हा करायची होती. ठराव राहू दे जागेवर. पण तिला न सांगता-सवरता घालवली होती, ती एकदा समोर यायला हवी होती. मला काय, आयतंच निमित्त मिळालं! गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात 'ज्येष्ठांचा आविष्कार' असं सोज्वळ नाव देऊन मी आठ मिनिटं घुसवली. नीलिमाने मुंबईहून नऊवारी मागवली. नेसवताना ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला हे करताना मी कधी पाहिलंच नाही." काका आरशाकडे बघत म्हणाले, "तुझ्या जन्माआधीच गेली ती."

पडदा सरकला. काका निघाले... आणि काय सांगू! चार पावलं. फक्त चार. कमरेवर हात, मान एका बाजूला, पदर असा सावरलेला की जणू अख्ख्या सिंगापूरची नजर लागेल. सभागृह हशाने फुटलं. आयटीतले मॅनेजर, मराठी धड न येणारी पोरं, सगळे हसले. विंगेत मी अक्षरशः उड्या मारल्या.

मग त्यांनी तोंड उघडलं. "बंधू-भगिनींनो, दुधाला रास्त भाव हवा असेल तर संघटनेशिवाय मार्ग नाही..."

मला वाटलं, ही सुरुवात आहे, आता कलाटणी येईल. आली नाही. नऊवारीतून चिटणीस बोलत राहिला; फॅट, फेरतपासणी, सभासदत्व, सगळं बिनचूक. मधेच एकदा ते थांबले, समोरच्या रांगांकडे पाहिलं, ओठ हलवले. मला कळलं, ते तिला हाका मारत होते. ती आली नाही. त्यांनी भाषण पुरं केलं. लोक आदराने उभे राहिले.

विंगेत येऊन त्यांनी विचारलं, "टाळ्या पडल्या ना रे?"

"हो काका. खूप."

"अरेरे," ते म्हणाले, आणि पदराने कुंकू पुसू लागले.

त्यानंतर शनिवारी आम्ही भेटत राहिलो, पण मावशीचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही. खोड्या काढण्याची माझी हौस तेवढ्यापुरती तरी जिरली होती. तीन महिन्यांत ते गेले.

परवा नीलिमाने त्यांची खोली आवरायला बोलावलं. कपाटात ती नऊवारी घडी करून ठेवलेली. मी म्हटलं, "तुमच्या घरात कुणाला आठवतं का गं, मावशी काय बोलायची? एखादं वाक्य?" तिने मान हलवली. "आईला माहीत असेल, पण ती कधीच गेली. आणि बरोबरच्या नटांतलं आता कोणी नाही."

ती चहा टाकायला आत गेली. मी कपाटाच्या आरशासमोर उभा राहिलो. कमरेवर हात ठेवला, मान कलती केली आणि चाललो. एक, दोन, तीन, चार. चाल चांगली जमते मला. पाचव्या पावलाला मावशीने बोलायला हवं. मी तोंड उघडून तसाच उभा राहिलो, नीलिमा कप घेऊन येईपर्यंत.