माका चावूक व्हया

"बघून झाला? मगे बोला."

कुणी नवं माणूस समोर आलं की ती हनुवटी आणखी पुढं काढून हे म्हणायची. तिचा खालचा जबडा वरच्याच्या बराच पुढं आलेला होता. समोरचे दात एकमेकांना कधी भेटलेच नव्हते. दुसरी एखादी पदर तोंडावर धरून बोलली असती. हिचा पदर कमरेला खोचलेला असे.

मुलांनो, तुम्ही तिकडे दातांना तारा लावून शाळेत जाता आणि कुणी वळून बघत नाही, असं तुमची आई सांगते. म्हणून हे तुम्हाला सांगायला हवं. साठ सालच्या पुढची गोष्ट. मी मालवणात शाळेत इंग्रजी शिकवत होते. तिची आई, थोरला भाऊ आणि ती, असे तिघं आमच्या शेजारी राहत. जत्रांमधून खाजं विकायचा त्यांचा धंदा. बेसनाच्या कडक कांड्या आलं-गुळाच्या पाकात घोळवायच्या, ते खाजं. पाक तिच्या हातचा. पण त्यातली एक कांडी तिला कधी फोडता आली नाही. भाकरीसुद्धा ती पेजेत कुस्करून गिळायची.

विहिरीवर एकदा एक बाई म्हणाली, "पावसात भायर पडा नको गो, हनुवटीत पाणी साठतला!" सगळ्या हसल्या.

"साठांदे," कळशी उचलत ती म्हणाली. "तुझ्या घोवाक पाजीन."

तुमचे आजोबा तेव्हा मुंबईत नोकरीला होते. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिला बोटीनं घेऊन गेले आणि एका मोठ्या इस्पितळात दाखवलं. डॉक्टरांनी तिचं तोंड तपासलं आणि सगळं मला इंग्रजीत समजावू लागले. तिनं टेबलावर हात आपटला.

"माका सांगा. जबडो माझो आसा."

डॉक्टर वरमले. मग त्यांनी तिला कागदावर चित्र काढून दाखवलं. दोन्ही बाजूंनी हाड कापून जबडा मागं बसवायचा. वरचे-खालचे दात तारेनं बांधून ठेवायचे. तोवर दीड महिना फक्त पातळ अन्न. त्याआधी अंगात ताकद हवी, किडलेल्या दाढा काढायला हव्यात, आणि दात मिटून प्यायची सवय करायला हवी. पावसात बोटी बंद, म्हणून तारीख पावसानंतरची ठरली.

गावी परतल्यावर तिची आई खूश झाली. "मगे येतली हो सोयरीक!"

"माका लगीन नको," ती ओरडली. "माका चावूक व्हया." तिला फक्त चावून खायचं होतं.

पावसाचे महिने तिनं तयारीत घालवले. दाढा काढून घेतल्या. नारळाचा रस घातलेली पेज वाडगेच्या वाडगे रिचवायची. रोज संध्याकाळी दात मिटून, डोक्यावरून हनुवटीखाली फडका घट्ट बांधून बसायची आणि पपईच्या देठाच्या नळीनं गालाच्या कोपऱ्यातून पेजेची निवळ ओढायची. सुरुवातीला निम्मी मानेवरून ओघळे. ती डोळे वटारून पुन्हा नळी लावी.

एका संध्याकाळी आईनं ते पाहिलं आणि हंबरडा फोडला. आमच्याकडे हनुवटी अशी बांधतात ती मेलेल्या माणसाची.

"जित्या माणसान असा बांधूचा नसता गो! अभद्र करतंस!"

झालं. भाऊ उठला. "देवाक इचारल्याशिवाय ही खंय जावची नाय."

कौल लावायचा म्हणजे देवाच्या अंगावर पाण्यानं फुलं चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवं फूल पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. प्रश्न भावानं घातला: "देवा म्हाराजा, देवान दिलेला तोंड बायलमाणसान कापून घेवचा, ह्या तुका मान्य नसात तर डावो कौल दी." देवळात जमलेले पुरुष म्हणाले, "होय म्हाराजा." फूल डावीकडून पडलं.

असा प्रश्न घातल्यावर देव बिचारा दुसरं काय सांगणार? मी मागं बायकांमध्येच उभी होते. ती मात्र पुरुषांमधून सरळ गाभाऱ्यासमोर गेली.

"आता माझो प्रश्न. सगळ्यांका चावूक दिलंस, माकाच कित्याक नाय?" तिनं देवासमोर हनुवटी पुढं काढली. "बघून झाला? मगे बोल!"

गुरवाचा फुलाचा हात हवेतच राहिला. ती उत्तरासाठी थांबली नाही. वळली आणि पायऱ्या उतरून गेली.

"गेलंस तर परत येव नको," भाऊ मागून ओरडला.

बोटी सुरू होताच ती गेली. मी बंदरावर होते. घरचं कुणी आलं नाही. ती पुन्हा गावात आली नाही.

शिमग्याला तुमचे आजोबा घरी आले तेव्हा तिची हकीकत कळली. तारा काढल्यावर बऱ्याच दिवसांनी ते तिला भेटायला गेले होते. तिच्या हातात पिकलेला पेरू होता. पहिला घास तोडल्यावर ती किती तरी वेळ पेरूवर उमटलेले वरचे आणि खालचे दात बघत बसली. मग तिनं तो पुरा संपवला. तुमच्या आजोबांना एक फोडसुद्धा दिली नाही.

आजोबा आल्याचं कळताच अख्खी आळी आमच्या ओट्यावर जमली. तिचा भाऊ सगळ्यांत पुढं. त्याला एकच विचारायचं होतं.

"आता दिसता कशी?"

तुमच्या आजोबांना मी आयुष्यात फार थोड्या वेळा चिडलेलं पाहिलं. त्यांनी चहाची कपबशी खाली ठेवली.

"पेरू खाता," ते म्हणाले आणि आत निघून गेले.